आईच्या कानातली गिरणी

तीर्थरूप ताईस,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. (कागदावरच घालतो आहे. गिरणीत खरा घातला तर उठताना शेरभर पीठ अंगाला लागून येईल आणि ते कोणाच्या दळणातलं यावरून वाद होईल.) तुझा गुडघा कसा आहे? भाऊजींचा खोकला थांबला का? त्यांच्याइतक्या हळू आवाजात खोकणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही, त्यामुळे तो थांबला की चालू आहे हे तुलाही जवळ जाऊनच बघावं लागत असेल. इकडे आम्ही सगळे खणखणीत. आईची साखर ताब्यात आहे, हिची कंबर अधूनमधून रुसते पण समजूत काढली की हसते, आणि चिमणीची परीक्षा संपल्यामुळे आता आम्हा सगळ्यांची सुरू झाली आहे. मला स्वतःला काहीही झालेलं नाही. मला कधीच काही होत नाही, हे तू लहानपणापासून तक्रारीच्या सुरात सांगत आली आहेस.

फोन सोडून पत्र का, असं तुला वाटेल. मागच्या खेपेला मी फोनवर तुझ्याशी बोलत होतो तेव्हा तुमच्या वरच्या मजल्यावरच्या बाई 'भांडण मिटलं का?' म्हणून विचारायला खाली आल्या होत्या, आणि आपण तर हवापाण्याबद्दल बोलत होतो. तेव्हा म्हटलं, नको. हे पत्र भाऊजीही वाचणार (वाचा, भाऊजी, संकोच नको), म्हणून त्यांच्यासाठी थोडं खुलासेवार लिहितो. आमची पिठाची गिरणी खाली आणि आम्ही वर. मधे काय ती फळ्यांची जमीन. सकाळी मोटर सुरू झाली की फडताळातली भांडी नाचायला लागतात, आरसा भिंतीवर टकटक करतो, आणि घरातल्या माणसाशी बोलायचं तर एक ओरडायचं, नाहीतर हातवारे करायचे. 'बारीक दळ' म्हणजे अंगठा बोटावर घासायचा, 'जाडसर' म्हणजे मूठ, आणि 'जेवायला चल' म्हणजे आपल्याच डोक्यावर दोन टपल्या. तुमच्या लग्नात पंगत मांडल्यावर आमच्या बाबांनी सगळ्यांसमोर स्वतःच्या डोक्यावर दोन टपल्या मारून घेतल्या, तेव्हा तुमच्याकडच्या मंडळींना वाटलं, मुलीच्या बापाला पश्चात्ताप झाला. ते तसं नव्हतं. निदान त्या दिवशी तरी नव्हतं.

आणखी एक गोष्ट भाऊजींना माहीत असायला हवी, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यावर उभं आहे. आम्हाला आवाजाने जाग येत नाही, आवाज थांबला की येते. चालती मोटर मधेच थांबली म्हणजे एक तर पट्टा सुटला, नाहीतर दगड अडकला, नाहीतर कोणाचा तरी हात सापडला. मग जो जिथे असेल तिथून धावत सुटतो. बाबांचं बोट गेलं त्या दिवशी कोणी ओरडलं नव्हतं. बाबांनी खटका पाडला, आवाज थांबला, आणि आपल्याला काय झालं ते कळायच्या आत आई हातातलं ताट टाकून जिना उतरून खाली पोहोचली होती. बाबा नंतर चारचौघांत सांगायचे की बोट परवडलं पण ते ताट काशाचं होतं. आई मात्र त्यावर कधी हसली नाही.

आता मुद्द्यावर येतो. (मुद्दा अजून लांब आहे, पण दिशा तीच आहे.) तू त्या दिवशी फोनवर मला म्हणालीस, 'या वेळी आई आली नाही तर मी पुन्हा बोलावणार नाही.' हे तू ओरडून म्हणाली असतीस तर मी 'बरं बरं, बघतो' म्हणून पुढचं दळण घेतलं असतं. पण तू हळू म्हणालीस. इतकं हळू, की मला मोटर बंद करून पुन्हा विचारावं लागलं. आपल्या घरात राग म्हटला की त्याला आवाज असतो, भांडी असतात, दार असतं. बिनआवाजाचा राग मी पहिल्यांदाच ऐकला आणि खोटं कशाला सांगू, पुढचं दळण घ्यायचं विसरलो. तू तिकडे घर घेतलंस, आईसाठी म्हणून एक खोली राखून ठेवलीस, तिच्या पडद्यांचा रंग आईला फोनवर विचारून ठरवलास. ते पडदे विटून आता दुसरे लागले, आणि आईने ती खोली अजून पाहिलेली नाही. मी तसाच वर गेलो आणि तुझं वाक्य आईला जसंच्या तसं सांगितलं. तिने चष्मा पुसला, पुसलेलाच पुन्हा पुसला, आणि म्हणाली, "प्रवासात गोंगाट फार असतो रे. डोकं उठतं माझं."

गोंगाट! ताई, जी बाई गिरणीच्या डोक्यावर संसार करून म्हातारी झाली, जिने आपल्या दोघांना मोटरीच्या घरघरीवर झोपवलं (मला झोप लागली नाही की बाबा दळणाची वेळ नसतानाही रिकामी गिरणी फिरवायचे असं तूच सांगतेस), तिला गोंगाट सोसत नाही! पण आईचं तर्कशास्त्र वेगळं आहे. तिच्या लेखी गिरणीचा आवाज हा आवाजच नव्हे, तो घरातला एक माणूस आहे. गोंगाट म्हणजे बाकीच्यांचा. मागे एकदा मी तिला तुझ्याकडे यायला बसमध्ये बसवलं होतं ते तुला आठवत असेल. पुढच्या बाकावर एक बाळ रडत होतं, मागचा गृहस्थ फोनवर आपल्या मेहुण्याची लाज काढत होता आणि शेजारची बाई चणे खात होती. पहिल्याच थांब्यावर मी पाण्याची बाटली घ्यायला उतरलो, तर आई आपली पिशवी घेऊन दुसऱ्या दाराने उतरली आणि समोरून येणाऱ्या गाडीत बसून घरी. मी तिला शोधत शोधत परतलो तेव्हा ती गिरणीत गल्ल्यावर बसून एका बाईला सुटे पैसे नाहीत म्हणून सुनावत होती.

तर या दुखण्यावर औषध काढलं ते चिमणीने. (भाऊजी, माझ्या मुलीच्या या नावाचाही खुलासा करतो. तान्ही असताना नाजूक चिवचिवायची म्हणून आम्ही चिमणी म्हणायला लागलो. आता तिने गॅलरीतून हाक मारली की चौकातल्या गाड्या थांबतात, पण नाव पडलं ते पडलं.) ती म्हणाली, आजीला नॉइज कॅन्सलिंग इअरबड्स घेऊ. म्हणजे कानात घालायच्या दोन बिया. बाहेरून जो आवाज येईल त्याच्या बरोब्बर उलटा आवाज त्या बिया कानात सोडतात, आणि दोन्ही आवाज एकमेकांना खाऊन टाकतात. आईने हे सगळं नीट ऐकून घेतलं. म्हणाली, "म्हणजे आवाजाला आवाजाने मारायचं. मग यात नवीन काय? तुझा बाप रोज तेच करतो." पण नाही म्हणाली नाही, हे महत्त्वाचं. फक्त अट घातली की वस्तू स्वस्तातली हवी. कानात सोनं घातलं आहे तेवढं पुरे, यापुढे कानांवर खर्च करायचा नाही.

मग सुरू झाला अभ्यास. चिमणी गल्ल्याशेजारी बसून मोबाइलवर लोकांचे अभिप्राय वाचायची, आणि मोटर चालू असल्यामुळे ओरडून वाचायची, त्यामुळे दळणाच्या रांगेतल्या प्रत्येकाचा त्या विषयात पाय अडकला. एक जण लिहितो, विमानात बसलो की देवळात बसलो कळलं नाही. त्याच वस्तूबद्दल दुसरा लिहितो, पैसे पाण्यात. तिसऱ्याने पाचपैकी पाच तारे दिलेले, आणि खाली लिहिलेलं, 'अजून खोका उघडला नाही.' कोणाच्या कानातून निसटतात, कोणाच्या कानातून निघतच नाहीत. स्वस्तातल्या बियांना गाडीची घरघर खाता येते पण माणसाची बडबड खाता येत नाही, असं एकाने लिहिलं होतं, त्यावर रांगेतली एक बाई म्हणाली, मग माझ्या घरी त्यांचा काय उपयोग. एक निवृत्त मास्तर रोज ओंजळभर गहू घेऊन येतात (गहू तेवढाच, पिशवी मात्र मोठी, गप्पांना वेळ मिळावा म्हणून). ते म्हणाले, कापसाचे बोळे घाला, दोन्ही कानांत, विषय संपला. विषय संपला नाही. उलट रांगेत तट पडले. एक बॅटरीवाल्यांचा आणि एक कापसावाल्यांचा, आणि त्या गडबडीत मी एका सज्जन माणसाच्या गव्हावर दुसऱ्याचा मका ओतला. तो दोघांनाही आवडला म्हणून निभावलं.

पहिला जोड घरबसल्या मागवला. सुबक, पांढरा, बोराएवढ्या डबीत. आईच्या आधी मी घालून बघावा असं ठरलं, म्हणून कानात घालून दिवसभर गिरणीत वावरलो. सकाळी बरा चालला. दुपारी एक कान बंद. संध्याकाळी दुसरा. चिमणीने भिंगातून पाहिलं तर आत जी बारीक जाळी असते ती पिठाने पार लिंपून गेलेली. मी म्हटलं, ओल्या फडक्याने पुसू. पुसलं. पिठाला पाणी लागलं की काय होतं हे गिरणीवाल्याला कळू नये, याची हिला इतकी मौज वाटली की तिने ती कणकेची दोन बोंडकी आल्यागेल्याला दाखवली. परत पाठवायला गेलो तर कंपनीने फोटो मागवला आणि उलट विचारलं की हे नक्की काय आहे.

तेव्हा शहाणपण सुचलं की वस्तू दुकानात जाऊन, कानाला लावून, पारखून घ्यावी. बाजारातल्या एका मोबाइलवाल्याकडे आम्ही सहकुटुंब निघालो. आई, ही, चिमणी आणि मी. गिरणी भर दिवसा बंद करून, कुलूप लावून! रस्त्याने दहा जणांनी विचारलं, सगळं ठीक ना? हा मोबाइलवाला फार गुणी माणूस आहे. किडकिडीत, मृदू बोलणारा. मी दुकानात शिरलो की तो आधी काचेच्या कपाटाला हात लावून धरतो. त्याचं दुकान हमरस्त्यावर, समोर लोखंडी दारं करणाऱ्याचं घणाघाती काम, बाजूला बसचा थांबा, त्यामुळे परीक्षेला जागा झकास. तो म्हणाला, आधी तुम्हाला सगळ्यात भारी जोड ऐकवतो, म्हणजे खरी शांतता काय ती कळेल, मग परवडणाऱ्यात उतरू.

मी बिया कानात घातल्या. त्याने कसलंसं बटण दाबलं. आणि ताई, मोटर थांबली!

पुढचं मला आठवत नाही, हिने सांगितलं तसं लिहितो. रस्ता, बस, घण, सगळं एका क्षणात पुसलं गेलं, आणि मी म्हणे "पट्टा! पट्टा सुटला!" असं ओरडत काउंटरवरून उडी मारली, भिंतीवरचा मोठा खटका शोधून काढला आणि खाली पाडला. दुकानात अंधार. मोबाइलवाल्याने बिचाऱ्याने माझ्या कानातल्या बिया काढल्या आणि मला पाणी दिलं. ही मला हसत होती. म्हणाली, साधी वस्तू कानात घालता येत नाही, बाजूला व्हा. दिवे लागले. हिने बिया घातल्या, त्याने बटण दाबलं, आणि हिने शेजारी उभ्या असलेल्या एका अनोळखी गिऱ्हाइकाला दंडाला धरून बाहेर पायरीवर नेऊन बसवलं आणि त्याची दहाच्या दहा बोटं तपासली. तो गृहस्थ इतका गोंधळला की मोबाइलला काच बसवायला आला होता तो तसाच निघून गेला. चिमणी नव्या पिढीची. ती जागची हलली नाही. पण स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू न आल्यामुळे "मला काहीच झालं नाही!" हे तिने ज्या पट्टीत सांगितलं, त्याने समोरचे घणवाले घण टाकून बघायला आले.

सगळे हसत होते. मोबाइलवालासुद्धा, काचा फुटल्या नाहीत म्हणून. त्या हसण्यातच चिमणीने आजीच्या कानात बिया बसवल्या.

आई धावली नाही. ती स्टुलावर बसली होती, तशीच बसून राहिली. फक्त तिचा चेहरा खर्रकन उतरला. तिने चाचपडत माझा हात धरला आणि अगदी हळू विचारलं, "कोणाला लागलं का रे?" मी मानेने नाही म्हटलं. तरी हात सोडेना. ताई, मी जाड दगड आहे, पण तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. गोंगाट हे नुसतं निमित्त. आईला भीती आहे ती शांततेची. इतक्या लांब तुझ्याकडे गेल्यावर इथे गिरणी थांबली तर तिला ऐकू यायचं नाही, धावता यायचं नाही, ही खरी मेख. आणि ती इतकी वर्षं तुला, मला, बसमधल्या त्या बाळाला, सगळ्यांना बोल लावत बसली. मला तिचा राग यायला हवा होता. नाही आला. मी तिथेच ठरवलं की जायचं तर सगळ्यांनी जायचं, गिरणीला कुलूप लावून. आत कोणी नसलं तर लागणार कोणाला?

हे मी आईच्या कानातल्या बिया काढून तिला तिथेच, घणांच्या वर आवाज काढून सांगितलं. पण प्रवासातल्या झोपेचा प्रश्न होताच, आणि मी हट्टाला पेटलो. मोबाइलवाला म्हणाला, या भारी जोडात शांतता कमीजास्त करता येते. बारीक हवी तर बारीक, जाडसर हवी तर जाडसर! हे ऐकून माझ्यातला गिरणीवाला पाघळला. किंमत अशी होती की तेवढ्यात दगडांची नवी जोडी आली असती, तरी माझा हात खिशात गेला. हिने माझ्या पायावर पाय दिला. मी तोही सोसला. तेवढ्यात आईचा हात काउंटरच्या कोपऱ्यातल्या टोपलीत गेला.

ती टोपली परत आलेल्या मालाची. मोबाइलवाला म्हणाला, "काकू, त्यातलं नका घेऊ. काही घुरघुरतात, काही एकाच कानात बोलतात, काही तर मुकेच आहेत." पण आईने त्यातला एक मळकट राखाडी जोड उचलला, पुसला, कानात घातला आणि थांबली. मग, ताई, तिच्या चेहऱ्यावर जे हसू पसरलं ते तू बघायला हवं होतंस. म्हणाली, "हे बरं आहे. घर्रर्र करतं. आपल्या गिरणीसारखं. गहू पडतोय जणू." तिने डोळे मिटले, पाठ भिंतीला टेकवली, आणि बसल्या जागी तिला झोप लागली. भर बाजारात! घोरायलासुद्धा लागली. मी कपाळावर हात मारून घेतला. जो खराब म्हणून जगाने परत केला, तोच आपल्या कामाचा!

मोबाइलवाला हवालदिल. तो म्हणे, सदोष माल मी विकणार नाही, निदान दुरुस्त करून देतो. मी म्हटलं, खबरदार. ती घरघर गेली तर मी पैसे परत मागेन. अशी उलटी घासाघीस त्याच्या दुकानात कधी झाली नसेल. मी विचारत होतो की हा दोष किती दिवस टिकेल, मधेच आपोआप बरा तर होणार नाही ना, याची हमी लिहून द्या. शेवटी त्याने जवळजवळ फुकटात दिला आणि वर मोबाइल पुसायचं फडकं दिलं, बहुधा आम्ही लवकर जावं म्हणून. मी म्हटलं, मीही एकदा ती घरघर ऐकून बघतो, तर आईने झोपेतून उठून दोन्ही कान झाकून घेतले. तेव्हापासून डबी, तार, सगळं तिच्याच पर्समध्ये. चार्जिंगसुद्धा तीच बघते. या वयात किती चटकन शिकली बघ!

पूर्वी हात पोळले होते, म्हणून निघण्याआधी एक चाचणी घेतली. आईला बसच्या खिडकीशी बसवलं आणि शेवटच्या थांब्यापर्यंत नेऊन परत आणायचं ठरवलं. मागे एक अख्खी क्रिकेटची टीम, जिंकून आलेली. आईने बिया घातल्या आणि दुसऱ्या वळणावर तिची मान कलली. कंडक्टर तिकीट विचारायला आला तर तिने डोळे न उघडता अंगठा बोटावर घासून त्याला विचारलं, बारीक की जाडसर? त्याने तिकिटासाठी हात पुढे केला. तिने त्याच्या तळहाताला चिमटीने चाचपून पाहिलं, मूठ मिटून दिली आणि 'तासाभराने या' अशी खूण केली. तो खरंच गेला. शेवटच्या थांब्यावर बस थांबली, इंजिन बंद झालं, टीम उतरली, आणि मी श्वास रोखून बघत होतो की आता आई उठून धावते की काय. हलली नाही. घरघर कानातच होती ना! मला इतका आनंद झाला की मी त्या कंडक्टरला मिठी मारली.

तर ताई, आम्ही येतोय. चौघंही. तिकिटं काढली आहेत, सकाळच्या गाडीची, खिडकी आईला. गिरणीवर पाटी लावली आहे: 'मुलीकडे जात आहोत. पीठ आधीच न्यावे.' ती आईने सांगितली तशीच लिहिली आहे, मी 'काही अपरिहार्य कारणास्तव' असं लिहिणार होतो. तेव्हापासून लोक दुप्पट दळण आणताहेत, मोटरीला उसंत नाही, आणि मास्तर मोठ्या पिशवीत खरोखर मोठी पिशवीभर गहू घेऊन आले. आता तुझ्या त्या खोलीचे नवे पडदे झटकून ठेव. मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, आणि भाऊजींना दोन्हींपैकी जे चालेल ते.

तुझा,
धाकटा

ता. क. : एक विसरलो. तू नेहमी सांगतेस की तुमच्याकडे इतकी शांतता असते की घड्याळ ऐकू येतं. आईच्या कानातल्या बॅटरीचा काय भरवसा, पहाटे संपली तर? तेव्हा घरात थोडी घरघर आधीच लावून ठेवावी. कपडे धुण्याच्या यंत्रात भाऊजींचा एक बूट टाकून फिरवलं तर आवाज बराचसा गिरणीच्या जवळ जातो, असं चिमणीने शोधून काढलं आहे. (आमच्याकडे माझा बूट टाकून पाहिला. दोन्ही टाकू नयेत, पट्टा सुटल्यासारखं वाटतं.)

आणखी एक : ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू. बुटाचं नुसतं आईसाठी म्हणून लिहिलं, पण ते माझ्यासाठी आहे. आणि हिच्यासाठी. चिमणी नाही म्हणते, पण तिच्यासाठीही. त्या दुकानातल्या दिवसापासून आम्हा तिघांना शांततेची धास्तीच बसली आहे. बूट रात्रभर फिरला तर बरं.

शेवटचं : आम्ही चौघं तुमच्याकडे चांगले पंधरा दिवस राहणार. तेव्हा भाऊजींना एक नॉइज कॅन्सलिंग जोड घेऊन ठेव. भारीतला घे. या बाबतीत स्वस्तात जाऊ नकोस. खाली आईला दोन ओळी लिहायला जागा सोडली आहे. ती म्हणाली, पाकीट मीच चिकटवीन.

*

बाळे,

हा वर काय काय लिहितो ते मी वाचलं. अर्धं खरं आहे. ते कानातलं मुकं आहे. आणलं तेव्हापासून मुकंच आहे, त्याचा दिवासुद्धा लागत नाही. हा वेडा खिशात हात घालून दगडांचे पैसे उधळायला निघाला होता, म्हणून मी हाताला लागेल ते कानात घातलं आणि घर्रर्र करतं म्हटलं. झोप मला कुठेही लागते. बसमध्ये मात्र मी जागीच होते. तो कंडक्टर बघून हसू येत होतं म्हणून डोळे मिटले. सांगू नकोस कोणाला, सगळे फार खूश आहेत.

त्या दुकानात कान बंद झाले तेव्हा मला गिरणी नाही आठवली. ती तर आम्ही कुलूप घालून आलो होतो. तू फोनवर हळू बोललीस म्हणून हा सांगत होता, ते आठवलं. आवाज थांबला की मी धावते, तुला माहीत आहे. तुझा थांबत आला होता आणि मी इथे चष्मा पुसत बसले होते.

बूट यंत्रात टाकू नकोस, चांगला बूट वाया जाईल. स्टँडवर मला घ्यायला तू ये. आणि हाक मोठ्याने मार.

— आई